पॅक न करण्याची शिकवणी

मी लोकांना पॅक न करायला शिकवायचे. हे माझं काम होतं, त्याचा मला पगार मिळायचा, आणि ते काम आता आपल्याकडे उरलेलं नाही.

पॅक म्हणजे काय हे तीन पत्ती खेळलेल्यांना सांगायला नको. हातातले पत्ते उलटे ठेवायचे आणि डाव सोडायचा. पोकर हा तीन पत्तीचा लांबचा, जरा जास्त शिकलेला भाऊ. त्यात प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात आणि पाच पत्ते टेबलावर सगळ्यांसाठी उघडे पडतात: आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचा एक. त्या सातांतून ज्याचे पाच सरस, त्याचा डाव. मधे मधे बोली लावायची, वाढवायची, नाहीतर पॅक करायचं.

मी मूळची रायगडातल्या तळ्याची. बी.एस्सी. झाले आणि वाशीला एका कंपनीत लागले. ती कंपनी नेमकं काय करते हे मला मुलाखत देऊन बाहेर पडल्यावरसुद्धा कळलं नव्हतं. पत्त्यांचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारी कंपनी होती. खेळून झालेले डाव तपासायचे, दोघं जण संगनमत करून तिसऱ्याला लुटताहेत का ते शोधायचं, हे माझं काम. इतके डाव पाहिले की कोण कुठे चुकतो ते न शोधताच दिसायला लागलं. मग खेळाडूंना शिकवणाऱ्या एका संस्थेने मला बोलावून घेतलं. लग्नानंतर मी किहीमला आले आणि घरात बसूनच शिकवायला लागले. माझे यजमान प्रकाश नारळाच्या वाडीतल्या चार खोल्या पर्यटकांना देतात. त्यातली मागची एक मी घेतली. बाहेर पाहुण्यांची पोरं झोपाळ्यावर ओरडायची आणि आत मी कानाला हेडफोन लावून नागपूरच्या, इंदूरच्या, पनवेलच्या माणसांना सांगायचे, ‘इथे का सोडलंत? इथे सोडायचं नाही.’ सासूबाई शेजारणींना सांगायच्या, सून कॉम्प्युटरचे क्लास घेते. त्यांना खोटं पाडायची मला कधी गरज वाटली नाही.

माझा विषय एकच होता. टेबलावर एक खुर्ची असते, तिला बिग ब्लाइंड म्हणतात. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला पत्ते बघायच्या आधीच सक्तीने ठरावीक पैसे मधे ठेवावे लागतात. ही खुर्ची फिरती असते, प्रत्येकाच्या वाट्याला येते. आता समजा, समोरच्या कुणीतरी बोली वाढवली, बाकीच्यांनी पॅक केलं आणि पाळी तुमच्यावर आली. तुमच्या हातात आहे राजा आणि पंजा, किंवा अठ्ठी आणि छक्की. दिसायला भिकार. नवा माणूस शंभरातून नव्वद वेळा इथे पॅक करतो, आणि तिथेच गळतो. एका डावात कळत नाही. गच्चीवरच्या टाकीला बारीक चीर असावी तसं ते असतं.

मी चिंचोक्यांवर समजवायचे. तुमचे दोन चिंचोके आधीच मधे आहेत. शेजारच्याने सक्तीचा एक ठेवला होता, तो सोडून गेला. स्पर्धेत सगळ्यांनी मिळून आणखी दोन भरलेले असतात. समोरच्याने पाच ठेवले. मधे झाले दहा. तुम्हाला फक्त तीन घालायचे आहेत आणि मग मधे तेरा होतील. तीन घालून तेरा मिळत असतील, तर चारांतून एकदा जिंकलात तरी तोटा नाही. आणि राजा-पंजा चारांतून एकदा नक्कीच जिंकतो. म्हणजे हात चांगला नाही, पण भाव चांगला आहे. भाव चांगला असेल तर वाईट मालही घ्यायचा. अर्थात समोरचा कुठल्या खुर्चीवरून वाढवतोय ते बघायचं. पहिल्याच खुर्चीवरून वाढवणाऱ्याकडे बहुधा खरंच काहीतरी असतं, तिथे आवरतं घ्यायचं. शेवटच्या खुर्चीवरचा काहीही घेऊन वाढवतो, त्याच्यापुढे हात सैल सोडायचा. बोली मोठी असेल तर कमी पत्त्यांवर राहायचं, छोटी असेल तर जास्त. एवढंच माझं शास्त्र. बाकी सगळी त्याची तालीम.

पेणच्या बाजूचे एक नारायणशेठ माझ्याकडे शिकायला होते. आधी मिठागर, मग ट्रक, मग जमिनी. त्यांची अडचण उलटी होती. ते बिग ब्लाइंडला कधीच पॅक करत नसत.

“शेठ, दुर्री-सत्ती घेऊन तुम्ही का राहिलात?”

“मॅडम, माझा पैसा थं परलाय ना? मंग मी डाव सोरून कनाला पलू? आमच्या घरान्यान कोनी पललं न्हाय.”

“पैसा मधे पडला की तो तुमचा राहत नाही, शेठ.”

“मंग कोनाचा?”

“कुणाचाच नाही. जिंकेल त्याचा.”

यावर ते म्हणाले, “ह्यो खेल आपल्या जातीचा न्हाय.” पुढच्या आठवड्यात त्यांनी शिकवणी सोडली. वर्षभर पुरेल एवढी करंजाच्या सुक्या बोंबलांची पिशवी मात्र पाठवली. माझ्या विद्यार्थ्यांमधला खरा शहाणा तोच, असं हल्ली वाटतं.

मला सांगायचंय ते इम्तियाजभाईंबद्दल.

ते आगरदांड्याजवळचे. घरातली मागची पिढी मचव्यांवर, ही पिढी आखातात. इम्तियाजभाई तिकडच्या एका बंदरात क्रेन चालवायचे. पाठीच्या मणक्याचं दुखणं झालं, शिडी चढवेना, म्हणून परत आले. मुलगी लग्न होऊन गेली होती. घरी ते आणि रेहानाभाभी. भाभी मुरूडला येणाऱ्या पर्यटकांच्या बिर्याणीच्या ऑर्डरी घ्यायच्या. इम्तियाजभाई दिवसभर पलंगावर पाठीमागे उशा लावून पडलेले असायचे. तिथेच मोबाइलवर त्यांना हा खेळ सापडला. वर्षभर आपले आपण खेळले, आणि मग कुणाच्या तरी सांगण्यावरून माझ्याकडे आले.

त्यांचे पहिले डाव मी पाहिले तेव्हा मला हसूच आलं. एवढा जपून खेळणारा माणूस मी पाहिला नव्हता. दोन एक्के, दोन राजे असले तर खेळायचे, एरवी पॅक. बिग ब्लाइंडला तर सरसकट पॅक.

मी विचारलं, “इम्तियाजभाई, इथे राणी-दश्शी होती. का सोडलीत?”

“शक आला.”

“कसला?”

“मॅडम, क्रेनवर आमाला पयली गोष्ट हीच शिकवली. शक आला की लोड उचलायचा न्हाय. खाली मानसं असतात. मी सगली उमर तसंच काम केलं. माझ्या हातून कधी एक बोट पण चेंगरलं न्हाय कुनाचं.”

हे ते अभिमानाने सांगत होते, आणि अभिमान वाटावा असंच ते होतं. त्या सवयीशी भांडायला मला एक अख्खा पावसाळा लागला. मी त्यांना समजावलं की इथे खाली माणसं नाहीत. इथे शंका कायमच असते. शंका किती आणि भाव किती, एवढंच बघायचं. दुसरं शिकवणं त्याहून अवघड होतं: डावात राहणं म्हणजे शेवटपर्यंत चिकटून बसणं नव्हे. वाईट पत्त्यांवर राहायचं, पहिले तीन पत्ते बघायचे, काही जमलं नाही तर तिथे निमूट सोडायचं. दहातले बहुतेक डाव असेच सुटतात. जे थोडे जमतात ते सगळ्यांची भरपाई करून वर काही देतात.

एके दिवशी ते स्पर्धेत खेळत होते आणि मी त्यांचा पडदा माझ्या कॉम्प्युटरवर पाहत होते. शेवटचे थोडे खेळाडू उरलेले. इम्तियाजभाई बिग ब्लाइंडला, हातात किलवरची नव्वी आणि छक्की. शेवटच्या खुर्चीवरच्याने वाढवलं. पूर्वीचे इम्तियाजभाई असते तर पत्ते कधीच गेले असते. ते राहिले. टेबलावर राजा, पंजा, अठ्ठी पडली. समोरच्याने छोटी बोली लावली. हे परत राहिले, कारण मधे एक सत्ती आली की पंज्यापासून नव्वीपर्यंत रांग लागत होती आणि भाव स्वस्त होता. चौथा पत्ता सत्ती आला. समोरच्याकडे एक्का-राजा होता. त्याने जोरात मारलं, यांनी त्याच्यावर वाढवलं, तो सगळं घेऊन आत आला आणि यांच्या रांगेपुढे हरला.

हेडफोनमधून मग ते म्हणाले, “मॅडम, शक होता. तरी उचलला.”

त्यानंतर दोन-तीन वर्षं त्यांनी जे खेळून दाखवलं, तसं माझ्या दुसऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याने दाखवलं नाही. बिग ब्लाइंडच्या खुर्चीवर तर मी त्यांच्याकडून शिकावं अशी वेळ आली. पलंगावर पडलेला माणूस उठून बसला. दाढी नीट करायला लागला. आवाज बदलला. मी एकदा प्रकाशना म्हटलं होतं, की आयुष्यात एक माणूस तरी मी उभा केला.

रेहानाभाभींना हे कधीच पटलं नव्हतं. पहिल्यांदा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी माझं अगत्य केलं, सुरमई तळून वाढली, आणि हात धुताना सरळ सांगितलं, “ताई, हे जेवन माझ्या बिर्यानीच्या पैशाचं हाय. त्यांच्या पैशातलं मी चुलीला लावत न्हाय.”

इम्तियाजभाई ओशाळून हसले. “सांगून थकलो मी. ही नसीबाची गोष्ट न्हाय, हिशेब हाय हिशेब.”

“हिशेब अल्लाकडे पन हाय,” भाभी म्हणाल्या.

त्या घरात दोन संसार होते. पत्रे बदलले ते इम्तियाजभाईंच्या पैशाने, त्यांची औषधं त्यांच्या पैशाने. तांदूळ, तेल, गॅस भाभींचा. इम्तियाजभाईंनी आणलेला हापूस भाभींनी कापून नवऱ्यापुढे ठेवला आणि स्वतः फोडही उचलली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण भांडण नव्हतं. त्यांच्यात एक समजूत होती, की ही गोष्ट आपल्या दोघांच्या मधे आहे आणि राहणार.

मग कायदा आला आणि पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले. आज साइट होती, उद्या नव्हती. आमच्या संस्थेने सगळ्यांना बोलावून आभार मानले आणि कुलूप लावलं. कायदा वाईट असं म्हणायची माझी छाती नाही. डाव तपासायच्या नोकरीत असताना मी माणसं बुडताना पाहिली होती. ज्यांना चिंचोक्यांचं गणित कधी कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी ज्यांनी ऐकलं नसतं, अशी माणसं. पण माझं ज्ञान एका दिवसात निकामी झालं हेही खरं. चाळिशीच्या बाईने बिग ब्लाइंडचा बचाव शिकवण्याचा अनुभव घेऊन कुठे जायचं? मी खोल्यांच्या चादरी बदलायला आणि पाहुण्यांना मोदक किती हवेत विचारायला लागले. ते काम वाईट नाही. फक्त त्याला माझी गरज नाही, कुणीही करेल.

आगरदांड्याला मात्र त्या दिवशी रेहानाभाभींनी ईद नसताना शीरखुर्मा केला आणि शेजारीपाजारी वाटला. मला फोनवर म्हणाल्या, “ताई, तुमचं काम गेलं त्याचं वाईट वाटतंय. पन मला आज घर एक झाल्यासारखं वाटलं.”

दिवाळी होऊन गेल्यावर एका शनिवारी इम्तियाजभाई दुपारच्या जेवणाच्या वेळी किहीमला आमच्या दारात उभे. नवीन शर्ट, अत्तर. मी पान वाढलं. जेवता जेवता म्हणाले, इथेच डोंगराच्या कडेला एका मुंबईच्या शेठचा बंगला आहे. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, पोहण्याच्या टाकीच्या कडेला टेबल मांडतात, खरे पत्ते, खरी माणसं. जुन्या साइटवर यांचं नाव ओळखणाऱ्या एकाने बोलावणं पाठवलं होतं.

मी पहिला प्रश्न विचारला, “नाल कशी घेतात?”

नाल म्हणजे जागा देणाऱ्याचा वाटा. जुगाराच्या अड्ड्यावरचा जुना शब्द आहे, बंगला झाला म्हणून बदलत नाही.

“दर डावातून उचलतात. पयले तीन पत्ते उघडले की,” ते म्हणाले.

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. जेवण झाल्यावर ओटीवर चिंचोके घेऊन बसले. एवढ्या अनुभवी माणसापुढे पहिलीचा धडा परत मांडला. हे बघा, इम्तियाजभाई. स्पर्धेत प्रवेशाचे पैसे एकदाच द्यायचे. नंतर मधे जे पडतं ते सगळं खेळणाऱ्यांचं. इथे वरचे दोन चिंचोके कुणी भरत नाही. बंगल्यावरची माणसं पाच नाही वाढवत, आठ वाढवतात, कारण त्यांना मजा हवी असते. तुम्हाला घालायचे सहा. मधे होणार सतरा. त्यातले दोन शेठ उचलणार. उरले पंधरा. सहा घालून पंधरा. म्हणजे पाचांतून दोनदा जिंकायला पाहिजे. राजा-पंजा पाचांतून दोनदा जिंकतो?

“न्हाय,” ते म्हणाले.

“अठ्ठी-छक्की?”

“न्हाय.”

“मग त्या खुर्चीवर काय करायचं?”

ते चिंचोक्यांकडे बघत राहिले. “पॅक,” म्हणाले.

“आणि पॅक केलं, तर तीन पत्ते उघडतच नाहीत, नालही जात नाही. तुम्ही मला इतकी वर्षं जे करून दाखवलंत ते इथे करायचं नाही. खरं तर जाऊच नका.”

“एकदा बघून येतो,” म्हणून ते गेले.

डिसेंबर-जानेवारी ते दर शनिवारी येत राहिले. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायचे, मग नुसतं पाणी प्यायचे, मग बाहेरच्या बाहेर जायला लागले. फोनवर विचारलं की म्हणायचे, “नसीब साथ देत न्हाय सध्या.” नसीब हा शब्द मी त्यांच्या तोंडून पूर्वी फक्त नाकारतानाच ऐकला होता.

एका रविवारी सकाळी रेहानाभाभी एसटीने अलिबागला आणि तिथून रिक्षाने आमच्याकडे आल्या. एवढ्या लांब त्या एकट्या कधी आल्या नव्हत्या. चहा घेतला नाही.

“ताई, तो काल घरी आला न्हाय. तिथंच झोपला म्हनतो. तुमी जावा. मी त्या जाग्यावर पाय ठेवनार न्हाय, पन तुमाला तो मानतो.”

मी गेले. बंगल्याच्या नोकराला वाटलं मीही खेळायला आले, त्याने खुर्ची दिली. टळटळीत दुपार होती. सात माणसं टेबलाभोवती होती, गॉगल लावलेली, निम्म्यांच्या हातात बिअर. इम्तियाजभाईंनी मला पाहिलं, मान हलवली आणि खेळत राहिले. मी त्यांच्या मागे बसले. त्यांनी पत्ते मला दिसतील असे उचलले, शिकवणीत करायचे तसे.

तासभर मी पाहिलं. त्या टेबलावर त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. एक जण तर रांग मोठी की रंग मोठा हे विचारून घेत होता. आणि इम्तियाजभाई बिनचूक खेळत होते. बिग ब्लाइंडला राजा-पंजा आला, राहिले. अठ्ठी-छक्की आली, राहिले. तीन पत्ते पाहिले, जमलं नाही, निमूट सोडलं. जमलं तेव्हा पुरेपूर वसूल केलं. मी शिकवलेलं सगळं, एकही अक्षर न विसरता. आणि दर वेळी तीन पत्ते उघडले की पत्ते वाटणारा माणूस मधून उचलून टेबलाच्या फटीत टाकत होता. टक् असा आवाज यायचा. टेबलावरचा सगळ्यात चांगला खेळाडू डोळ्यांदेखत हळूहळू हरत होता, आणि चूक एकही करत नव्हता. चूक होती ती फक्त त्या टेबलावर बसण्याची.

शेठ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. सभ्य, गोरे, मृदू बोलणारे. मी शिकवायचे हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

“मॅडम, तुमचे इम्तियाजभाई म्हणजे आमच्या टेबलाचा जीव आहेत,” ते म्हणाले. “बाकीचे लोक पॅक करत बसतात हो. मग डाव उघडतच नाही. हे असतात म्हणून टेबल चालतं.”

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं.

पुढचा डाव संपल्यावर मी इम्तियाजभाईंना उठवून बाहेर आणलं. सुरूच्या झाडांखाली उभं राहून शेठ काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकत होते. पाठ दुखत असावी, एक हात झाडाला टेकलेला.

“ठावं हाय मला,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे? मग का राहता? तिथे पॅक करायचं हे तुम्हाला गणिताने कळतं.”

“गनित कलतं, मॅडम. हात ऐकत न्हाय.” मग म्हणाले, “मी सगली उमर घाबरून काम केलं. रोज शिडी चढताना घाबरायचो, कुनाला सांगितलं न्हाय कधी. त्या खुर्चीवर मी पयल्यांदा घाबरलो न्हाय. आता परत पॅक करायला लागलो तर मी परत तोच, पलंगावरचा. तसा मी न्हाय जाऊ शकत.”

मी एवढंच म्हटलं, “भाभी माझ्या घरी बसल्यात. चहासुद्धा घेतलेला नाही त्यांनी.”

तेव्हा ते आले. आमच्या ओटीवर भाभींनी त्यांच्या शर्टाची वळलेली कॉलर सरळ केली आणि प्रकाशनी त्यांना गाडीने अलिबाग स्टँडला सोडलं.

त्यानंतर काही दिवस बरे गेले. आगरदांड्याच्या जेटीवर गाड्या बोटीत चढवताना ड्रायव्हरला हाताने खुणा करायला माणूस लागतो. ते काम इम्तियाजभाईंना मिळालं. मी एकदा मुद्दाम बघायला गेले. पुण्याच्या घाबरलेल्या गाडीवाल्यांना ते बोटांच्या खुणांनी इंचाइंचाने मागे घेत होते. उन्हाने रापले होते. मला म्हणाले, “आता बरं हाय.” माझा विश्वास बसला, कारण मला तो बसायला हवा होता.

एप्रिलमध्ये खाडीपलीकडे दिघीच्या बाजूला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. शनिवार होता. जेटीवर गाड्यांना खुणा करायला दुसराच माणूस होता. मी विचारलं.

“इम्तियाज? तो शनवार-रयवार येत न्हाय. महिना झाला. सोमवारचा पन भरवसा न्हाय.”

लग्नाची वेळ टळत होती, तरी मी बोट सोडली आणि त्यांच्या घरी गेले. भाभी मागच्या पडवीत बिर्याणीचा टोप उतरवत होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

“मला ठावं हाय कुठं जातो,” त्या म्हणाल्या. “तुमी आता नका जाऊ आनायला. एकदा आनला, परत गेला. दुसऱ्यांदा आनलेला मानूस घरात ऱ्हात न्हाय, नुसता बसतो.”

“तुम्ही काय करणार, भाभी?”

“काय करनार? रांधते. तो येतो तेव्हा ताट वाढते. माझ्या पैशाचं हाय, तेवढं त्याला हलाल.” त्यांनी टोपावर झाकण ठेवलं आणि वर जड पाटा ठेवला. पदराने हात पुसले. मग माझ्याकडे वळल्या. रागाने नाही, खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारलं, “ताई, तुमी त्याला जे शिकवलं ते परत काढून घेता येतं का?”

मी विचार केला. खरंच केला. इतक्या लोकांना शिकवलं, त्यातलं कुणाचं काही परत काढता आलं असतं का, ते आठवून पाहिलं.

“नाही येत, भाभी.”

“मग बसा,” त्या म्हणाल्या. “भात गरम हाय.”

मी बसले. त्यांनी माझ्यासाठी वाढलं, आणि समोर बसून मी जेवत असताना रस्त्याकडे बघत राहिल्या.